लिस्टर आडनावाचा नवा पत्ता

मी लिस्टर बोलतोय. माणूस नव्हे हो, आडनाव.

माझा जन्म यॉर्कशरमधला, एका रंगाऱ्याच्या कढईपाशी. लोकर रंगवून जॉनचे हात कोपरापर्यंत निळे व्हायचे. गावात आणखी एक जॉन होता. हाक कुणाला मारली ते कळेना, म्हणून लोकांनी या जॉनच्या मागे त्याच्या धंद्याचं नाव चिकटवलं. तोच मी; लिस्टर म्हणजे रंगारी. पुढे त्याच्या नातवंडा-पतवंडांनी धंदा सोडला, पण मला काही सोडलं नाही. गिरण्या निघाल्या तसा मी त्यांच्याबरोबर डोंगर उतरून यॉर्कशरमधल्याच हॅलिफॅक्सजवळच्या दरीत आलो.

मग दोन भाऊ मला घेऊन कॅनडाला गेले. इथे दरीत उरला तिसरा, म्हातारा जेबेझ. त्याला एकच लेक, मार्था. ती लग्न करून सटक्लिफ झाली. आता जेबेझच्या मागे मला इथे कोण लावणार?

आमच्याकडे एक रीत आहे. आईचं माहेरचं आडनाव पहिल्या मुलाचं नाव म्हणून ठेवतात. मार्थाला मुलगा झाला तसा माझ्या जिवात जीव आला. पण तिची सासू हॅना मुलाची धर्ममाता व्हायची होती. चर्चमध्ये नाव तीच सांगणार.

"निळ्या हातांच्या लोकांचं नाव माझ्या नातवाला? काही नको. अल्बर्ट."

मार्था बिचारी भित्री. बाळ शिंकलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा, ती कुठली भांडते?

बारशाच्या आदल्या दिवशी दोघी बाळाला जेबेझकडे घेऊन गेल्या. बाळ पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलं की त्याला अंडं, मीठ आणि पाव देतात. पहिल्या भेटीत मिळालेलं काहीही नाकारलं तर बाळाला बाधतं, असं हॅना गावभर सांगत फिरायची. जेबेझने सगळं टोपलीत नीट ठेवलं.

"विहीणबाई, आणखी एक द्यायचंय. पण ते टोपलीत मावायचं नाही."

"द्या की. मी हातात धरते."

"माझं आडनाव."

हॅनाने बाळाकडे पाहिलं, मग टोपलीकडे. "मोठे लबाड आहात हो तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी नाव विचारलं. हॅनाने एकदा घसा खाकरला. "लिस्टर अल्बर्ट."

आज जेबेझ नाही. दरीत लिस्टरांचं घर नाही. पण संध्याकाळी हॅना दारात उभी राहून गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारते, "लिस्टर, जेवायला ये रे." जन्मभर मी नावांच्या मागून चाललो, आता सगळ्यांच्या पुढे पळतो.

एवढंच मागणं आहे, हॅनाबाई. जेवायला बोलवताना मला हाक मारा, पण रागवायचं असलं की अल्बर्ट म्हणत जा.