अनिपाचा नवरा

"तू पंचायतीत जाऊन बसलीस, तर घोड्यांचं दूध कोण काढणार गं, अनिपा?"

मामबेतअली म्हाताऱ्याने विचारलं आणि शाळेच्या अंगणात प्रचारसभेला जमलेले पुरुष हसले. अनिपा गावच्या दवाखान्यात नर्स होती. हिवाळ्यात तिथे पुरेसा कोळसा मिळावा, एवढ्यासाठी ती निवडणुकीला उभी राहिली होती. ती उत्तर जुळवतेय तोवर मागून तिचा नवरा कालदिबेक उठला.

"मी काढतो की. रोज मीच काढतो."

आता तर बायकाही हसल्या. "वहिनी, याला एक ओढणी घेऊन द्या," कोणीतरी म्हणालं. कालदिबेकही सगळ्यांबरोबर हसला.

दोन दिवसांत घरोघर एकच विषय झाला. जिचा नवरा बायकांची कामं करतो, ती उद्या गावालाही नाचवेल.

संध्याकाळी चहा ओतताना अनिपा म्हणाली, "मतदानापर्यंत वर डोंगरातल्या कुरणात, घोड्यांपाशीच राहशील?"

"माझ्यामुळे मतं जातात?"

तिने मान खाली घालून त्याचा पेला पुन्हा भरला. त्याने चहा संपवला आणि खोगीर उचललं.

त्यानंतरच्या सभांत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. बोलता बोलता तिची नजर डोंगराकडे जाई. ढगांच्या वर कुठेतरी त्यांचा तंबू होता. तो तंबू आपल्याला स्वप्नातच दिसला होता की काय, असं तिला वाटायचं. लोक मात्र खुर्चीकडेच बघत. "नवऱ्याला हाकलून दिलं म्हणे," आता असं बोललं जाऊ लागलं.

अनिपा थोडक्या मतांनी हरली.

निकालानंतर ती चालत कुरणात गेली. धुकं इतकं दाट होतं की आधी घोड्यांचे श्वास ऐकू आले, मग घोड्या दिसल्या, मग तो.

"पडले मी."

"बस. दमली असशील."

"बसत नाही. तू चल खाली. माझ्याबरोबर, बाजारातून."

"आता कशाला? मतं तर देऊन झाली."

"म्हणूनच."

मग त्याने घोडा आणला, तिला पुढे बसवलं, लगाम तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे बसला.

बाजारात दुकानाच्या पायरीवर पुरुष बसले होते. घोडा जवळ येताच त्यांचं बोलणं थांबलं. अनिपाने घोड्याचा वेग वाढवला नाही. पाठीमागे कालदिबेक सगळ्यांना नावानं हाक मारून एका हाताने सलाम करत होता. त्याचा दुसरा हात तिच्या कमरेवर होता.