नोंदबाईंची शिकवणी

"आधी हात फिरवा, मग बोला."

मी बॉयलरची आच कमी केली. "टर्न डाउन."

"आणि पूर्ण बंद केली तर?"

"टर्न ऑफ."

"बरोबर. 'टर्न' एकटा पाठ करू नका, मिस्तरी. शेजारी कोण बसलंय ते बघूनच त्याचा अर्थ लावायचा."

नोंदबाई महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मला हे शिकवत होत्या. तीस वर्षं मी बॉयलर चालवला. काय केलं ते मी तोंडी सांगायचो आणि त्या नोंदवहीत इंग्रजीतून लिहायच्या. कारखान्यातला एक माणूस कमी होणार अशी कुणकुण लागली, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी शिकवणी काढली. साहेबांनी सांगितलंय म्हणे! कुठेतरी पाणी मुरत होतं.

"फुकट मिळतंय तर पदरात पाडून घ्या," बायको म्हणाली.

"अगं, माझ्या चुका गोळा करतेय ती. उद्या साहेबांपुढे मांडेल आणि मला घरी बसवेल."

एकदा बॉयलरमध्ये पाणी भरताना, बाई साहेबांना सांगतात का ते बघायला, मी सरावाच्या वहीत 'टॉप अप'च्या जागी मुद्दाम 'लेट आउट' लिहिलं. बाईंनी लाल पेनाने खोडलं, वर शाळेतल्यासारखं दहा वेळा लिहायला लावलं. साहेबांचं बोलावणं काही आलं नाही. माझा संशय उलट वाढला.

शनिवारी माझी सरावाची वही घेऊन त्या साहेबांच्या खोलीत जाताना दिसल्या. त्या बाहेर आल्या आणि मला बोलावणं आलं.

साहेब वही चाळत म्हणाले, "छान! सोमवारपासून नोंदी तुम्हीच लिहायच्या."

"आणि बाई?"

"त्यांचं काम काय उरलं मग?"

बाहेर बाई टेबलाचा खण रिकामा करत होत्या. मला मान वर करायची लाज वाटली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग एवढं नीट कशाला शिकवलंत?"

"माझं जाणं ठरलेलंच होतं. अर्धवट शिकवलं असतं तर साहेबांनी लिहिता येणारा दुसरा मिस्तरी आणला असता, दोघंही गेलो असतो. बसा, आजची नोंद लिहा. मी बघते."

त्यांच्याच खुर्चीवर बसून मी लिहिलं. बॉयलर साडेपाचला शट डाउन केला, कूल डाउन व्हायला ठेवला, किल्ल्या पहारेकऱ्याकडे हँड ओव्हर केल्या.

बाई लाल पेन उघडून एकेक ओळ वाचत गेल्या. एखादी तरी चूक निघावी, असं मला मनापासून वाटत होतं. शेवटच्या ओळीपाशी त्या जरा थांबल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.