सही केलेलं मत

पेन्सिल सुतळीने टेबलाच्या खिळ्याला बांधलेली होती, आणि सुतळी इतकी आखूड की लिहायचं तर माणसाला वाकायलाच हवं. लॉकलन वाकला. पेन्सिलीचं मागचं टोक कुणीतरी चावून ठेवलं होतं. समोर पडदा — पडदा कसला, दोरीवर टाकलेली करडी घोंगडी — आणि तिच्याआड तो एकटा. एकटं असायची त्याला सवय होती, तरी हे एकटेपण निराळं वाटलं. घरातलं निदान ओळखीचं होतं.

चार मैल बर्फातून येताना तो उमेदवार मॅकनॅबचं नाव मोठ्याने घोकत आला होता. घोडीने दोनदा कान मागे वळवले. मागच्या निवडणुकीत, चार वर्षांपूर्वी, चौकातल्या फळ्यांच्या मंचावर चढून, गावादेखत तोंडी मत देताना त्याने क्रेगचं नाव घेतलं होतं... क्रेगने ओढ्यावर पूल बांधून देतो म्हटलं होतं, दुसरं काही नाही... आणि मंचाखाली टॉर्कल उभा होता, सख्खा थोरला भाऊ, मॅकनॅबसाठी घरोघर पायपीट केलेला. त्याने टोपी घातली आणि चालू लागला. पूल तर झालाच नाही. दोघांच्या शेतांमध्ये एकच कुंपण, पण चार वर्षांत त्यावरून एक शब्द अलीकडे आला नाही. मोराग गेली तेव्हा टॉर्कल दफनाला आला, मागे उभा राहिला, मूठभर माती टाकून निघून गेला. बायकोच्या मातीच्या दिवशी लॉकलनचं अर्धं लक्ष मागे होतं, भाऊ थांबतोय का याकडे. याची त्याला अजून लाज वाटे.

म्हणून आज. चारचौघांत गेलेला शब्द चारचौघांतच परत आणायचा होता. आणि मतदानाच्या शाळेच्या दारातच एक तरुण अधिकारी म्हणाला, "बोलायचं नाही हं, काका. कायदा बदललाय, सगळ्या ओंटारिओत आज असंच. आत जा, फुली मारा, घडी घालून पेटीत टाका. तुमचं मत तुमच्यापाशी."

माझ्यापाशी ठेवून मी काय करू? माझ्यापाशी काय कमी पडून आहे — मोरागची शाल, न झालेला पूल, भावाला सांगायच्या चार वर्षांच्या गोष्टी... भाऊ तर पडद्यापलीकडे दहा पावलांवर बसला होता, पेटीशेजारी, मॅकनॅबचा प्रतिनिधी म्हणून. लॉकलन आत आला तेव्हा त्याने मान वर केली नव्हती.

मॅकनॅबसमोर त्याने फुली मारली आणि तिच्याकडे बघत राहिला. दोन रेघा. कुणाच्याही असत्या. पूर्वी वहीत आधी आपलं नाव लिहीत, मग ज्याला मत दिलं त्याचं. माणूस आणि त्याचा शब्द एका ओळीत. बिननावाच्या शब्दाला शब्द कोण म्हणेल? तो आणखी वाकला आणि फुलीखाली, एकेक अक्षर सावकाश, त्याने लिहिलं — लॉकलन मॅक्फी. मग घडी घातली. पेटीत टाकताना टॉर्कल फटीकडे बघत होता, त्याच्या हाताकडे नाही.

बाहेर फिनले लोहार शेकोटीशी पाय आपटत उभा होता. "काय केलंस ते सांगू नकोस बाबा, हल्ली ऐकणंही गुन्हा असेल," तो म्हणाला. "आणि त्या रॉरीची अक्कल बघ. फुलीखाली स्वतःचं नाव लिहून आला, वर फुशारकी मारतोय. बाद झालं की."

"बाद?"

"मग? माणूस ओळखू येईल असं काहीही लिहिलं की मत बाद. मोजताना बाजूला काढायचं, दोन्हीकडच्या प्रतिनिधींना दाखवायचं, आणि लखोट्यात बंद."

लॉकलनने हात शेकोटीवर धरले. "प्रतिनिधींना दाखवतात?"

"दाखवणारच. तुझा टॉर्कल बसलाय ना आत, तोही बघेल. पण त्यांना शपथ असते. कुणाचं मत कुणाला, ते बाहेर सांगायचं नाही."

"त्याला शपथेची गरज नाही," लॉकलन म्हणाला. फिनले हसला, मग हसणं आवरून उगाच लाकडं सारू लागला.

लॉकलन आपल्या स्लेजगाडीत जाऊन बसला. मत गेलं होतं. मॅकनॅब एका मताने पडला तर ते एक कुणाचं, हे टॉर्कलला कळणार होतं, आणि टॉर्कलला वाया गेलेली कुठलीच गोष्ट खपत नसे, खिळासुद्धा वाकडा झाला तर ठोकून सरळ करी. बघेल आणि म्हणेल, करायचं तेही धड केलं नाही. म्हणेल... किंवा नाव वाचेल. आधी फुली, मग नाव, मग पुन्हा फुली. त्याला वाचायला वेळ लागे, लहानपणी ओळीखाली बोट धरून वाचायचा.

पाचला मतदान संपणार होतं, मग मोजणी. उन्हं शाळेच्या छपरावरून उतरत होती. घोडीला घराची ओढ लागली होती, ती पुढचा पाय आपटत होती. त्याने लगाम उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. टॉर्कल त्या दारातून बाहेर येईल. बोलणार नाही, ते त्याने आजवर केलंच आहे, आणि आज तर शपथही आहे. पण इकडे बघेल का? बघेल की टोपी घालेल?

लॉकलनने घोडीच्या पाठीवरची घोंगडी सारखी केली. मोराग गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला कशाची तरी भीती वाटत होती.