हरवलेल्याची मूठ

माझी सून सुनिता म्हणते, आमच्या सासूबाई आरशातल्या बाईलाही विचारतील, तू कोणाची गं? म्हणू दे. साठी उलटून गेली, आमच्या ब्राह्मणपुरी गावात एकानेही अजून मला शेंडी लावलेली नाही, ती काय उगाच? आणि गेल्या श्रावणात पवन दारात आला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली, ती खोटी नव्हती. खोटी असती तर बरं झालं असतं.

आधी गोकुळचं सांगते. गोकुळ माझ्या दिराचा मुलगा. त्याची आई तो रांगत असताना गेली, म्हणून वाढवला मी. मला मोठमाय म्हणतो. आता नौदलात कॅप्टन आहे, दिल्लीत असतो. त्यांच्या फ्रिगेट म्हणून लढाऊ नावा आहेत, त्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या जागी नव्या कशा बांधायच्या याचे दोन आराखडे समितीपुढे आलेत, आणि त्या समितीत आमचा गोकुळ. आता आमच्याकडे तापीच्या पाण्यात म्हशी बसतात तेवढंच आमचं दर्यावर्दीपण. तरी एकदा मी त्याला फोनवर विचारलं, "नाव कशी निवडतस रे? बैलना दात बघतस तशी का?"

हसला. कोणाच्या आराखड्यात काय आहे ते सांगणार नाही म्हणाला, पण एक सांगितलं. सगळे बघतात नाव किती जोरात पळते, किती तोफा वाहते. तो बघतो, घाव बसल्यावर ती किती वेळ तरंगते. म्हणाला, "तुन्हा मिसळणना डबा शे ना, मोठमाय? एक वाटी सांडनी तरी बाकीन्या जागवर ऱ्हातीस. नाव तशी जोयजे. वाट्या कमी कऱ्या का डबा हलका व्हस, पन हळद सांडनी का समदं पिवळं." त्या पिवळ्यात अडीचशे पोरं असतात, हे तो बोलला नाही, पण मला कळलं. मग म्हणाला, "आते कोनीबी वळख काढत ई. काही लेवानं नही, काही सांगानं नही."

मला सांगायची गरज होती का? शहाद्याहून कोणी गोकुळसाहेबांच्या नावाने मिठाईचा डबा घेऊन आलं, तर त्याच्या गाडीत परत ठेवूनच मी दार लावलं. गूळ दिसला की मुंगळे येणारच, पण माझ्या घरात नाही.

आणि मग श्रावणातल्या कानबाईच्या, आमच्या देवीच्या, सणाच्या दोन दिवस आधी हा पवन आला. पस्तिशीचा, गोरटेला, हातात मिठाई नाही, काही नाही. आला तो थेट पाया पडला. म्हणाला, "सुरतहून आलो. तुमच्या नवलसिंगबाबांचा पणतू."

माझा हात चहाच्या गाळणीवरच राहिला. नवलसिंग म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ. एका दुष्काळी साली घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून रातोरात चालत गुजरातकडे निघून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. आता कानबाईच्या रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाचा, नियम असा: घरातल्या पुरुषामागे एकेक मूठ गहू काढायचे, तेच दळायचे, आणि त्याचं जे रांधू ते भाऊबंदांनीच खायचं. दिलेली लेक नाही, जावई नाही, शेजारी तर नाहीच. उरलं तर मातीत पुरायचं. आमच्या घरात त्या मुठींत एक मूठ नवलसिंगची असते. हरवलेल्याची मूठ. दरवर्षी त्याचं ताट वाढायचं, वाट बघायची, आणि मग ते परसातल्या निंबाखाली पुरायचं. माझ्या सासूने पुरलं, तिच्या सासूने पुरलं, मीही पुरत आले.

तर त्या नवलसिंगचा पणतू म्हणे! आणि तोही बरोब्बर गोकुळ नावा निवडतो त्याच वर्षी! मला काय खुळी समजला?

"काय काम करतस सुरतले?" मी विचारलं.

"कापड बाजारात आहे, काकी."

मी आतून माझं नवं लुगडं आणलं. म्हटलं, बघ बरं, माले ठगाडं का काय दुकानदारनी. त्याने नुसतं वरून बघितलं आणि "छान आहे" म्हणाला. अहो, कापडातला माणूस पदर आधी चिमटीत धरतो, चोळून बघतो, मग तोंड उघडतो! मी लुगडं घडी करून ठेवलं आणि सुनिताला स्वयंपाकघरात ओढलं. "हाऊ कापडना नही. ध्यान ठेव."

"आई, बिचारा घर शोधत आला," ती म्हणाली. तिला सगळेच बिचारे.

तो राहिला. गोड बोलायचा, गाईला चारा टाकायचा. आणि मधून मधून विचारायचा, गोकुळभाऊ कधी येणार? कानबाईला नक्की येणार ना? आणि हातात सदा तो फोन. चौरंगाचा फोटो, सुपाचा फोटो, माझाही फोटो. मी पदर तोंडावर घेतला.

शनिवारी गहू काढायला बसले. पवन माझ्या शेजारी येऊन बसला. मी एकेकाचं नाव घेत मूठ सुपात टाकत होते. सगळ्यांची झाली, शेवटची मूठ हातात घेतली आणि मुद्दाम काहीच बोलले नाही. गावात कोणी ना कोणी त्याला या मुठीचं सांगितलेलं असणारच. आता गळा काढतो, बघू.

त्याने गळा काढला नाही. सुपाकडे बघत हळूच म्हणाला, "आमच्याकडे उलटं होतं. आजोबा श्रावणात आधी एक मूठ बाजूला काढायचे. मागे राहिलेल्यांची म्हणायचे. कोण मागे राहिलं ते मला मोठेपणी कळलं. पुरताना रडायचे ते."

आमची मूठ गावाला माहीत असेल. पण तिकडेही कोणी आमच्यासाठी मूठ काढत होतं, हे सुचायला आतूनच यावं लागतं. तरी मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, चांगलं रोखून बघितलं. डोळे भरलेले होते, आणि ते खोटे नव्हते. खोटं रडू मी कोसावरून ओळखते.

"नवलसिंगबाबानी मूठ," मी म्हटलं आणि ती सुपात टाकली. "यंदा पुरानी नही. यंदा तू खाशी." सांगते ना, आनंद झाला मला. एवढ्या वर्षांनी घरचं माणूस घरी आलं होतं, आणि मी मूर्खासारखी लुगडं दाखवत बसले होते.

रविवारी कानबाई बसली. पुरणपोळ्या, गंगाफळाची भाजी, खीर. नैवेद्य झाला, पाट मांडले, पवनला नवलसिंगच्या पाटावर बसवलं. शेजारचा पाट गोकुळचा. तेवढ्यात नंदुरबारला गाडीतून उतरून गोकुळ आला, मागच्या दाराने, पाय धुवायला. पाय धुता धुता त्याने खिडकीतून पंगतीकडे बघितलं आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

"मोठमाय, हाऊ कोन?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मला निंबाखाली घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, त्या दोन आराखड्यांतला एक ज्या कंपनीचा आहे, तिच्या साहेबांमागे हा माणूस दिल्लीच्या बैठकीत बसलेला असतो.

"म्हंजे तुले पैसा देवाले ऊना!" माझा संताप डोक्यात गेला.

"नही. मी लेस नही, हाई त्यास्ले माहीत शे." तो निंबाला टेकला. "त्यास्नी नाव हलकी शे, मोठमाय. वाट्या कमी शेत. समितीमा नही म्हननारा मी एकला शे. त्यास्ले मी समितीमाईन निंघी जावाले जोयजे, बस. कंपनीना मानूस नि मी कानबाईना रोटले भाऊबंद म्हनीसन एक पंगतमा, एवढा फोटो वर गया का माले घर बसाडतीस."

आता कळलं का सारखा गोकुळ कधी येणार, गोकुळ कधी येणार! आणि पाट मी मांडले होते, स्वतःच्या हाताने, शेजारी शेजारी. माझ्या संशयाला घरचा की परका एवढंच बघता येत होतं. घरचा आणि धाडलेला, असा एकच माणूस असू शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

"तू आठेच थांब," मी म्हटलं. "पंगतमा येवानं नही."

"पन तो खरंच आपला व्हई त?" गोकुळने विचारलं.

"आपलाच शे. तेच त दुखस," मी म्हटलं आणि आत गेले.

पवनच्या ताटात सगळं वाढलेलं होतं. त्याने हात लावला नव्हता, गोकुळची वाट बघत होता. मी त्याच्यासमोर बसले. "पवन, कानबाई समोर शे. तुले कोनी धाडं?"

त्याचा रंग उडाला. आधी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या दाराकडे. खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं, मी कान धरून उठवला असता. पण तो म्हणाला, "कंपनीने, काकी. माझं आडनाव, गाव काढलं त्यांनी आणि म्हणाले, जा. पण ती मूठ खोटी नाही. आजोबांची शपथ."

"माहीत शे माले." मी ताट त्याच्याकडे सरकवलं. "तू नवलसिंगबाबाना शे. म्हनीसन सांगस. हाई ताट तुन्हं शे. पन खाशी त घरना व्हशी. घरना मानूस घरले खड्डा खंदस नही. ती नोकरी सोड, फोन मन्हा हातमा दे, नि पोटभर खाय. नही त ऊठ."

सुनिताने तोंडावर हात ठेवला. भरल्या ताटावरून माणूस उठवायचा, तोही कानबाईच्या दिवशी! आमच्याकडे वैऱ्यालाही असं करत नाहीत.

पवन ताटाकडे बघत बसला. पोळीवरचं तूप थिजायला लागलं. मग त्याने ताटाला नमस्कार केला, कानबाईला केला, माझ्या पायाला हात लावला आणि उठला. फोन त्याने खिशातून काढलासुद्धा नाही, मी डोळ्यात तेल घालून बघत होते. पिशवी घेतली आणि रस्त्याने एस.टी.च्या थांब्याकडे चालत गेला. गोकुळ निंबाखालून बघत होता. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, मी त्याचा दंड धरला.

संध्याकाळी खड्डा मी खणला. गोकुळ म्हणाला, दे मी खणतो. नाही दिला. पोळी, खीर, भाजी, सगळं मातीत घातलं, जिथे दरवर्षी घालते तिथेच. माती लोटताना मला जे रडू आलं, ते नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं.

गोकुळ दिल्लीला गेला. अजून समितीत आहे, अजून नाही म्हणतोय, हे मला त्याच्या आवाजावरून कळतं. फोटो कुठे निघाला नाही.

पण माझं मन मेलं गप्प बसत नाही. तो कशासाठी उठला? नोकरीसाठी उठला असेल तर जळो तिकडे, सुटलो आम्ही. पण नोकरी टिकवायची तर गोकुळबरोबरचा फोटो हवा होता, आणि हा तो न काढताच गेला. आणि या ताटावर जेवलो तर गोकुळचा भाऊबंद ठरेन, कंपनीला तेवढंच पुरेल, म्हणून गोकुळला वाचवायला उठला असेल तर? घरातलं एक तोंड कमी करायला नवलसिंग गेला होता, तसाच हाही गेला असेल तर?

शंभर वर्षं ज्याची वाट बघितली तो आला, आपल्या पाटावर बसला, आणि उपाशी गेला. पहिल्या वेळेला दुष्काळाने घालवला होता. या वेळेला मी घालवला.