रोवणी आणि दूरची नदी

वाचकहो, मनुष्याच्या एका भ्रमाची हकिकत मी येथे सविनय निवेदन करीत आहे.

आमची नोकरदार कन्या रीना हिने आम्हा उभयतांपैकी एकास ब्राझीलचे वर्षावन नावेतून दाखविण्याचे योजिले. तेथील नदी फुगली म्हणजे नाव थेट झाडांमधून चालते. म्हणून जुलै महिना ठरला. कोणी जावे यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. परंतु जुलैत आमच्या करडी गावी धानाची रोवणी असते!

मी खिन्नपणे वदलो, "माझ्यावाचून रोवणी कशी होईल?"

पत्नी विमलाबाई हसली. "चिखलात वाकतो मी अन् बाया. तुमी बांधाच्या धुऱ्यावर उभे राहून नुसते बोंबलता. जा ना खुशाल, काहून अडता?"

पुष्कळ विचारांती मी सहलीच्या अर्जावर माझ्याऐवजी तिचे नाव लिहिले. यंदा चिखलात मी वाकणार आहे.

वाचल्याबद्दल आपला ऋणी,
चिंधू मेश्राम