न तपासलेला रुमाल

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात तिला सगळे डागवाल्या बाई म्हणत. गिऱ्हाइकानं कपडा पसरला की कपाळावरचा चष्मा खाली ओढून, कोपऱ्यावर थेंबभर तपासून ती छातीठोकपणे सांगायची, हा चहा, हा गंज, ही लिपस्टिक. लिपस्टिक बायकोची नसावी, ही शंका मात्र पोटातच ठेवायची. बावीस वर्षं स्पिरिटच्या वाफेत काढल्यामुळे तिचं नाक कामातून गेलं होतं. घरात दूध करपलं तरी धूर दिसल्यावरच तिला पत्ता लागायचा. डोळे तेवढे शाबूत होते, आणि त्यांचा तिला भारी ताठा होता.

नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. तो नकाशे काढायचा. एका संध्याकाळी ऑफिसातून परतताना इमारतीच्या जिन्यात जरा टेकला, तो उठलाच नाही. ती रडली नाही. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तशी ती अख्खी झाली होती. आठव्या दिवशी कामावर हजर झाली. मालकांनी आणखी थोडी रजा घ्या म्हणून सुचवलं, तर रजेत काय करू, असं तिनं त्यांनाच विचारलं.

तो गेला तेव्हा दोघांत नऊ दिवसांचा अबोला होता, आणि तो तिनं धरलेला होता. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी त्याची सिगारेट बंद केली होती. त्यानं तिच्यासमोर शब्द दिला होता आणि ॲशट्रेसुद्धा भंगारात गेला होता. मग एका रविवारी तिला त्याच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर तपकिरी रंग दिसला. धुवायच्या कपड्यांत सगळ्यात वर रुमाल होता, त्यावरही तोच रंग. "तंबाखू," ती म्हणाली. "मी ओढत नाही," एवढंच तो म्हणाला आणि मूग गिळून बसला. हे गप्प बसणंच तिला कबुलीजबाब वाटलं. रुमाल न धुता तिनं पिशवीत घालून कपाटात ठेवला, पुरावा म्हणून. तो गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं: चोरून ओढत होते, त्यानंच गेले. आपलं बरोबर होतं, या एकाच गोष्टीला धरून ती महिनाभर उभी होती.

मग ऑफिसनं त्याच्या टेबलातलं सामान खोक्यात भरून पाठवलं. पट्ट्या, पेन्सिली, आणि तळाशी तंबाखू ओढायचा एक पाइप. ब्रायरच्या लाकडाचा, तांबूस तपकिरी, चांगला नवा दिसणारा. पण आत बोट घातलं तर बोट काळं झालं. घ्या, म्हणजे सिगारेट सोडून साहेब पाइपावर गेले होते. तिला राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच दिराचा फोन आला. दादाच्या सामानात पाइप असेल, तो मला द्याल का वहिनी, म्हणून विचारत होता. म्हणजे भावाभावांचं आधीपासूनच संगनमत होतं तर. संध्याकाळी घेऊन जा, असं तिनं सांगितलं.

मात्र घरातून मळकी वस्तू बाहेर जाऊ देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं ओलं फडकं फिरवलं, मग सोडा, मग स्पिरिट. बाहेरून पुसलं की फडकं लालसर व्हायचं आणि आतला काळा थर जागचा हलायचा नाही. शेवटी तिनं तो विणायच्या सुईनं खरवडला. अर्धा निघाला, अर्धा राहिला. तेव्हा पाइप पर्समध्ये टाकून ती दुकानाकडे जाताना वाटेतल्या पाइपवाल्याकडे गेली.

पाइपवाला म्हातारा होता. त्यानं पाइप उजेडात धरला आणि हळहळला. थर का खरवडलात, म्हणाला. तो कारखान्यातच देतात, नवं लाकूड पहिल्या जाळानं तडकू नये म्हणून.

"म्हणजे राख नाही ही?" तिनं विचारलं.

"राख कुठली, बाई? हा पेटवलेलाच नाही. ही वरची कड बघा, एकदा काडी लावली असती तरी काळवंडली असती. वास घेऊन बघा."

नाक चालत नाही, असं तिनं सांगितलं. मग त्यानंच तिच्या वतीनं वास घेतला. नुसतं कोरं लाकूड आहे, म्हणाला. बाहेरचा रंग जरा कच्चा असतो, घामेजल्या हाताला लागतो, कापडाला लागतो. काही लोक सवय सुटावी म्हणून पाइप रिकामाच दातांत धरतात, आणि लाजेनं कुणाला सांगत नाहीत. मोठी माणसं चोखणी धरल्यासारखी दिसतात ना, असं म्हणून तो एकटाच हसला.

ती घरी परतली, कपाटातला रुमाल घेतला आणि दुकानात गेली. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीला तिच्याच अक्षरातली पाटी होती: डागाला नाव देण्याआधी कोपऱ्यावर तपासा. परक्यांच्या हजारो कपड्यांना तिनं ही पाटी लावली होती. घरच्या एका रुमालाला लावली नव्हती. तिनं डागाच्या कडेला स्पिरिटचा थेंब सोडला, वर पांढरा कापूस दाबला आणि दहा अंक मोजले. तंबाखू पिवळट उतरते. कापूस तांबूस झाला होता, स्वच्छ, लाकडाच्या रंगाचा. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नव्हतं.

मालक मागून वाकून बघत होते. निघेल का, त्यांनी विचारलं. निघेल, ती म्हणाली, आणि रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढचा कपडा एका लग्नाचा कोट होता. तोही तिनं साफ केला.

संध्याकाळी दीर आला. तिनं त्याच्यासमोर पाइप ठेवला, शेजारी रुमाल ठेवला.

"ते ओढत नव्हते," ती म्हणाली. "मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

दिरानं पाइप हातात घेतला. "मला माहीत होतं, वहिनी. म्हणून तर मागितला. म्हटलं, तुमच्या नजरेसमोर नको."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्या रागाच्या जोरावर उभ्या होतात. तो काढून घ्यायचा धीर झाला नाही."

"आणि ते? त्यांना पाइप दाखवता आला नसता?"

"मीही तेच म्हटलं होतं. तर दादा हसला. म्हणाला, रिकामा पाइप चोखत बसतो हे कोणत्या तोंडानं सांगू? रुमाल मुद्दाम सगळ्यात वर ठेवलाय. ती तपासल्याशिवाय राहायची नाही. आज ना उद्या आपणहून बोलेल." दिरानं पाइप परत ठेवला. "रोज फोनवर सांगायचा, आज नाही तपासला, उद्या तपासेल."

ती उठली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. साखर किती घालायची, हे तिनं दिराला दोनदा विचारलं आणि त्यानं दोन्ही वेळा सांगितलं. मग रुमाल हातात घेऊन ती गॅससमोर उभी राहिली आणि डागाच्या कडेकडे बघत राहिली. जिथं थेंब सोडला होता, तिथं आता नखाएवढी पांढरी जागा झाली होती.

"तपासला," ती म्हणाली.

दिराला वाटलं, ती त्याच्याशी बोलतेय. तो हो म्हणाला.