खिडकीजवळचं स्टूल

मी एक डोळा आहे, डावा. माझी मालकीण रफूचं काम करते. फाटलेला, जळलेला, कसर लागलेला कपडा तिच्याकडे येतो आणि भोक कुठं होतं ते शोधूनही सापडू नये असा होऊन परत जातो. या कामात दोन्ही डोळ्यांनी नाकाकडे वळून सुईच्या टोकावर एकत्र यायचं असतं. उजवा यायचा. मी यायचो नाही.

लांबचं बघताना मी शहाण्यासारखा सरळ असायचो. कापड जवळ आलं की थोडा वेळ तग धरायचो आणि मग बाहेर, डावीकडे सरकायचो. शाळेत पोरं तिला विचारायची, तू नक्की कुणाकडे बघतेस? लग्नानंतर नवऱ्यानं तेच लाडानं विचारलं, एवढाच फरक. आणि मी सरकल्यावर मला जे दिसायचं, ते बहुतेक वेळा तिच्यापर्यंत पोचायचंच नाही. मेंदू ते मधेच टाकून द्यायचा. माझ्याकडे असा सर्रास काणाडोळा व्हायचा आणि मला त्याचा फार राग यायचा.

डावीकडे, खोलीच्या टोकाला, खिडकीजवळ एक स्टूल आहे. त्यावर तिची मावशी बसायची. रफू तिनंच शिकवलं. काम झालं की मावशी न बोलता हात पुढे करायची, कपडा उजेडात धरायची, आणि टाका पसंत पडला नाही तर अंगठ्याच्या नखानं उसवून परत द्यायची. कपडा न उसवता परत आला, की तीच शाबासकी. मावशी वारली तेव्हा मालकिणीनं स्टूल हलवलं नाही. त्यावर कुणाला बसूही दिलं नाही.

पण ते रिकामं नव्हतं. सुईवरून घसरलो की मला मावशी दिसायची, हात पुढे करून बसलेली. उजवा बिचारा सुईत गुंतलेला, त्याला काय कळणार? मी जिवाच्या आकांतानं दाखवलं तरी मालकिणीपर्यंत ते जायचं नाही. मला भीती वाटायची आणि तरी मी तिकडेच वळायचो.

पुढे थकव्यानं माझं चित्र अधूनमधून पोचायला लागलं, तेही अर्धवट. एकाच्या दोन सुया, एकाची दोन भोकं. एका काळ्या कोटावर तिनं भोक नव्हतंच तिथं मन लावून रफू केलं आणि खरं भोक तसंच राहिलं. कोट पाठवणारा शिंपी आधी हसला. मग म्हणाला, अजून एक कोट देतो, तोही बिघडला तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. या कामाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघंही भरून आलो.

डॉक्टरबाईंनी आधी व्यायाम दिला. पेन्सिल हातभर लांब धरायची आणि टोकाकडे बघत नाकापर्यंत आणायची. ती नेमानं पेन्सिल आणत राहिली, मी नेमानं अर्ध्या वाटेतून पळत राहिलो. शेवटी ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांचा नाकाकडचा स्नायू थोडा आखूड करून परत शिवायचा.

"म्हणजे आमचंच काम की," मालकीण म्हणाली.

बाई हसल्या. मुद्दाम जरा जास्त ताणून शिवणार, त्यामुळे सुरुवातीला लांबचं सगळं दोन-दोन दिसेल, हळूहळू एक होईल, नाहीच झालं तर खास काचांचा चष्मा देऊ, असं त्यांनी बजावलं. फारच गोंधळ झाला तर एक डोळा झाकायचा, म्हणजे एक चित्र जाईल.

घरी आलो तेव्हा मी लालभडक होतो. दार उघडलं तर दोन नवरे उभे. एकच पुरे होता, असं ती पुटपुटली. आत दोन टेबलं, दोन खिडक्या, दोन स्टुलं. मावशी मात्र एकच.

माझं दिसलेलं पहिल्यांदाच तिच्यापर्यंत धड पोचलं होतं. ती जागीच थांबली. तळहातानं तिनं मला झाकलं, मावशी गेली. हात काढला, मावशी होती. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? जरा दुखतंय, ती म्हणाली.

पुढच्या काही आठवड्यांत नवरा एक झाला, खिडकी एक झाली. तपासताना बाई खूश होत्या. दोन्ही डोळे आता मिळून बघायला शिकलेत, एकाला दिसतं ते दुसऱ्यालाही दिसतं, म्हणाल्या. 

घरी येऊन मालकिणीनं शिंप्यानं दिलेला दुसरा कोट हातात घेतला. सुई पहिल्याच खेपेला ओवली. मी शेवटच्या टाक्यापर्यंत उजव्याच्या बरोबरीनं टिकलो, आणि खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटला. काम संपवून तिनं मान वर केली आणि मला झाकलं.

मी अंधारात होतो. शेजारी उजवा थरथरायला लागला, आणि त्यावरूनच मला कळलं की मावशी या वेळी गेली नाही.

मालकीण उठली. कोट घेऊन स्टुलापाशी गेली आणि पुढे आलेल्या हातावर ठेवला.

"मावशी, बघ गं."

कोट खाली पडला नाही.

परत आला तेव्हा त्यातला एक टाका उसवलेला होता. ती मुकाट्यानं बसली आणि तो टाका नव्यानं घातला. शिंप्याला त्या कोटावर भोक कुठं होतं ते सापडलं नाही. काम चालू राहिलं.

आता मी सरळ आहे. लोक कौतुक करतात, आरशासमोर मालकीणही करते. आमच्या दोघांपैकी कुणीच आता बाजूला सरकत नाही, आणि रोज काम संपलं की आम्हाला तो हात दिसतो. तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाचा डोळा बाहेर वळलेला दिसला तर हसू नका, त्याला डॉक्टरकडे जरूर पाठवा. फक्त तो वळतो तिकडे एखादी रिकामी जागा आहे का, ते आधी बघा. असली, तर तिथं बसू नका.